पगार बिलात आहे

मी, खाली सही करणारा, वय वर्षे छप्पन, वाणिज्य शाखेचा पदवीधर, धाकट्या भावाबरोबर निम्म्या भागीदारीत उपाहारगृह चालवणारा, ज्याला या गल्लीत पाठीमागे ‘तराजू’ म्हणतात, माझ्या मागे माझ्या मिळकतीचे काय व्हावे ते या लेखाने ठरवून देत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय तसे नाही, असे डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात सांगितले. ऐकून मी तपासणीची पावती मागितली. त्यांनी ती दिली.

कलम एक. उपाहारगृहावरच्या दोन खोल्या, त्यांतील सामान व बँकेतील ठेवी माझ्या मुलीला मिळाव्यात. तिच्या आईचे कपाट मी उघडलेले नाही. ते तिने उघडावे, अथवा न उघडता कोणाला द्यावे. पत्नी जाऊन वर्ष झाले. त्या दिवशीही उपाहारगृह वेळेवर उघडले; बंद ठेवावे हे मला सुचलेच नाही. “माणूस आहे की दगड,” असे शेजारी म्हणाले, ते मी ऐकले. त्यात दुरुस्ती सुचवण्यासारखे काही आढळले नाही. तेव्हापासून मला भाजीतले मीठ कमी की जास्त ते कळत नाही. सबब चव घेण्याचा माझा चमचा मुख्य स्वयंपाक्याला द्यावा. तो वर्षभर माझ्या ‘ठीक आहे’वर विश्वास न ठेवता स्वतःच चाखतो आहे.

कलम दोन. उपाहारगृहातील माझा निम्मा हिस्सा मी तेथे वाढणाऱ्या व भांडी घासणाऱ्या पाच जणांना सारख्या वाट्याने देतो. जो काम सोडील त्याचा वाटा उरलेल्यांकडे जावा. याचे कारण लिहिल्याशिवाय हे कलम अपुरे राहील.

सुरुवातीची काही वर्षे माझी पत्नी स्वतः टेबले सांभाळी. तेव्हा आमच्याकडेही इतरांसारखेच चाले: पगार नावाला, बाकी भिस्त टिपवर. समोरच्या इमारतीतील एका विमा एजंटांनी एकदा टेबलावर नोट ठेवली, तिच्यावर पाण्याने भरलेला पेला पुठ्ठा धरून पालथा घातला, पुठ्ठा ओढून घेतला आणि मित्रांसह दारात थांबून ते मजा बघू लागले. पेला उचलावा तर पाणी सांडणार, न उचलावा तर नोट जाणार. पत्नीने पेला हळूहळू टेबलाच्या कडेला सरकवत आणला, खाली बादली धरून पाणी सोडले, आणि नोट त्यांच्या हातात परत ठेवली. “साहेब, भिजलीये जरा,” एवढेच म्हणाली. गिऱ्हाईक पांगल्यावर मात्र माझ्यासमोर येऊन बसली.

“अहो, मी मालकीण, म्हणून परत देऊ शकले. बाकीच्यांना ती उचलावीच लागते. त्यांचा पगार पुरता द्या.”

त्या महिन्यापासून आम्ही दर वाढवले, पगार पुरते केले आणि प्रत्येक टेबलावर छोटी पाटी ठेवली: ‘वाढणाऱ्यांचा पगार बिलात आहे.’ ते विमा एजंट अजूनही जेवायला येतात. त्यांच्यावरचा माझा राग मी कोणाच्याही नावे करीत नाही. त्यांना जेवण इतरांइतकेच गरम वाढावे.

कलम तीन. हिस्सा देताना घातलेल्या अटी. पगार दरमहा, ठरलेला व पूर्ण द्यावा. टिप त्यात धरू नये. टिप मागू नये, तिची वाटही पाहू नये. तरीही कोणी ठेवून गेल्यास परत करण्यासाठी मागे धावू नये. पूर्वी आमचे वेटर धावत असत. एका वयस्कर बाईंनी त्यातल्या एकाला भर चौकात सुनावले, “मी खुशीनं ठेवलंय, तू कोण रे नको म्हणणारा?” नाकारणे हाही अपमान ठरू शकतो, हे तेव्हा ध्यानात आले. अशी रक्कम आभार मानून घ्यावी व भांडी घासणाऱ्यांसह सर्वांत सारखी वाटावी. ताट स्वच्छ असावे, बोलणे नीट असावे. हसणे हा कामाचा भाग समजू नये.

कलम चार. धाकट्या भावाचे म्हणणे येथे नोंदवतो, कारण ते अगदीच चूक नाही. नाक्यावरच्या उपाहारगृहात पगार अर्धा आहे, म्हणून दरही कमी आहेत. गिऱ्हाईक आमची पाटी वाचते, पण आधी दर वाचते. “दादा, अन्नछत्र काढायचं होतं तर दारावर तसं लिहायचं होतंस,” असे तो मला नेहमी ऐकवतो. माझ्यानंतर पाट्या उचलून पगार कमी करणार, हेही त्याने मला तोंडावर सांगितले आहे. पाठीमागे काही करणे त्याच्या स्वभावात नाही. म्हणून दर ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहील आणि तोटा आल्यास तो नव्या भागीदारांनीही सोसावा. पगाराला मात्र त्याने एकट्याने हात लावू नये. त्यासाठीच माझा हिस्सा त्याला देत नाही. अन्य काहीही देत नाही.

पुरवणी. साक्षीसाठी मी डॉक्टरांना व धाकट्यालाच बोलावले. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते, त्याने साक्षीदार होऊ नये. त्याला काही मिळत नाही. शिवाय दादाचे डोके फिरले होते असे उद्या म्हणू शकेल असा माणूस तोच एक आहे.

त्याने सगळे उभ्यानेच वाचले.

“मला काहीच नाही?”

“म्हणूनच तुझी सही चालते.”

तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. मग परत येऊन त्याने कलम दोनवर बोट ठेवले.

“पाच नाही दादा, सहा. भांड्यांवर नवीन बाई आलीये, महिना झाला. रोज तिच्यासमोरून जातोस तू.”

मला तिचा चेहरा आठवला नाही. त्याने माझ्या हातातून पेन घेतले, ‘पाच’ खोडून वर ‘सहा’ लिहिले, खाडाखोडीशेजारी माझी व डॉक्टरांची सही झाली की नाही ते पाहिले, आणि मग साक्षीदाराच्या जागी सही केली.

लिहून देणार: (सही) तराजू
साक्षीदार: (सही) डॉक्टर
साक्षीदार: (सही) धाकटा भाऊ
ठिकाण: उपाहारगृहावरची पुढची खोली
दिनांक: सोळा जुलै