आत्याची पाठराखीण

चितेगाव शिवार,
६ एप्रिल २०२५

चि. अभयस,
सप्रेम जय भीम व अनेक आशीर्वाद.

ताईला हे पत्रांचं काय खूळ लागलं, म्हणून सायली हसली असेल. तिला सांग, फोनवर तुझा आवाज चढतो, माझा त्याहून चढतो, आणि मग आधी फोन कोण आपटतो एवढंच बघायचं राहतं. कागद बिचारा ओरडत नाही. दूधवाला कडूबा रोज सकाळी इथून उस्मानपुऱ्यात येतोच, त्याच्या हाती हे धाडते. उत्तरही त्याच्याकडेच दे.

मुद्द्याचं लिहिते. मे महिन्यात शेतावर मुलांचं शिबिर घ्यायचं म्हणते, दरवर्षीसारखं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून वर्षभर वाट बघावी अशी माझ्याकडे ही एकच गोष्ट उरली आहे. तनुजाला पाठवशील का? गेल्या वर्षी शिबिरातून परतल्यावर तुझा सत्यम आजारी पडला, त्यानंतर तू नाही म्हणणार हे मला ठाऊक आहे. वासराच्या अंगावरच्या गोचिड्या काढायच्या आणि उवा मारतात तशा नखावर चिरडायच्या, अशी पोरांची पैज लागली होती. तू त्याला न्यायला आलास तेव्हा तूही ते बघून हसलास, मीही हसले. पुढे ताप आला तर सगळे म्हणाले, ऊन लागलं. तळहातावर पुरळ उठेपर्यंत आपण त्याच्या तळपायाला कांदा चोळत बसलो. डॉक्टरांनी पोरगा जनावरांजवळ गेला होता का असं विचारलं, तेव्हा सायलीला काय सांगावं ते कळेना, आणि हा गोचिडीचा ताप आहे हे उशिरा समजलं.

गल्लीतल्या आया तुझ्या दाराकडे बघून आहेत. सख्ख्या भावानं मुलगी पाठवली नाही तर कुणीच पाठवणार नाही, आणि शिबिर तिथंच संपेल. त्यांना दोष देता यायचा नाही. म्हणून विचारते, काय केलं म्हणजे तुझं समाधान होईल ते लिही.

कळावे. लोभ रागासकट चालेल, पण असू दे.

तुझी ताई,
विशाखा


उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर,
९ एप्रिल २०२५

ती. ताईस,
अभयचा सप्रेम जय भीम. वि. वि.

पत्र पोचलं. कडूबानं ते दुधाच्या कॅनला टेकवून आणलं, त्यामुळे अर्धी शाई पसरली. पण तुझं अक्षर पडलं मास्तरणीचं, पसरलं तरी वाचता येतं.

ताई, स्पष्ट लिहितो. सत्यम आयसीयूत होता तेव्हा त्याचा हात माझ्या हातात होता आणि त्यानं माझं बोटसुद्धा धरलं नाही. तनुजाला पाठवायचं माझं मन होत नाही. सायलीचं उलट आहे. ती म्हणते, गोचीड काय फक्त चितेगावात असते? आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांवरही आहे. पोरीला किती दिवस कपाटात ठेवणार?

वाळूजला आमच्या प्लांटमध्ये हेल्मेट आणि बूट नसले तर मॅनेजरलासुद्धा गेटातून आत सोडत नाहीत. अपघात झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा तो होऊच नये हे बघायचं, असं आमचा सेफ्टीवाला रोज कानीकपाळी ओरडतो. तुझ्या शेताला गेट कुठंय? पोरं गोठ्यात शिरणार नाहीत याची काय सोय? त्यांना रोज तपासणार कोण? सरूबाई स्वयंपाक उरकून दिवस मावळायच्या आत गावात जाते. मग एवढ्या पोरांची डोकी तू एकटी बघणार? याची उत्तरं दे, मग विचार करू.

गुडघ्याचं तेल कडूबाबरोबर पाठवतोय. लोभ आहे, म्हणून तर भांडतो.

तुझा,
अभय


चितेगाव शिवार,
२७ एप्रिल २०२५

चि. अभयस,
जय भीम व आशीर्वाद.

तेल मिळालं. प्रश्नपत्रिकाही मिळाली. सोडवायला वेळ घेतला, कारण आधी काम केलं आणि मग लिहायला बसले.

जनावरांच्या डॉक्टरांना बोलावून गाय, वासरू आणि सरूबाईच्या शेळ्या, सगळ्यांना गोचिडीचं औषध मारून घेतलं. पुन्हा एकदा मारायचं आहे. काळू कुत्र्यालाही सोडलं नाही. तो दिवसभर माझ्याकडे पाठ करून बसला होता. गोठ्याला काटेरी तारेचं कुंपण घातलंय, त्याच्या आत फक्त मी जाणार. मुलांच्या शेडभोवतीचं गवत मी स्वतः विळ्यानं काढलं आणि तिथं मुरूम टाकून घेतला. म्हणजे खेळायची जागा उघडी, गवत लांब. मुलांनी फिक्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणायचे, पायजमा मोज्यात खोचायचा. दिसायला ध्यान दिसतील, पण पांढऱ्यावर काळं चालताना दिसतं.

आता तपासणी. नवरीबरोबर सासरी पाठराखीण जाते ना, तशी इथं प्रत्येकाला एक पाठराखीण. संध्याकाळच्या जेवणाआधी जोडीजोडीनं बसायचं आणि एकमेकांची मान, कानामागं, केसांत, गुडघ्यामागं बघायचं. बाकीचं अंग आंघोळीच्या वेळी ज्याचं त्यानं चाचपायचं. काही सापडलं तर हात लावायचा नाही, मला हाक मारायची. मी बारीक टोकाच्या चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढून काढणार, साबणानं जागा धुणार आणि गोचीड बाटलीत बंद करणार. नखावर मारणं बंद. सरूबाईला हे पटलेलं नाही. तिच्या मते रॉकेलचा बोळा लावला की गोचीड आपसूक सुटती, तिच्या आजेसासऱ्यापासून हेच चालत आलंय. मी सांगितलं की रॉकेलनं आणि उदबत्तीच्या चटक्यानं ती आणखी घाण आत सोडते. त्यावर ती एवढंच म्हणाली की बाई, तुमी शिकलेल्या, तुमचं तुमी बघा.

शिबिरानंतर पंधरा दिवसांत कुणालाही ताप आला तर डॉक्टरांना आधी गोचिडीचं सांगायचं, हे प्रत्येक आईला मी समक्ष भेटून सांगणार आहे. आणखी काही प्रश्न असले तर विचार.

लोभाचं तू बघ, पोरीचं मी बघते.

ताई


उस्मानपुरा,
५ मे २०२५

ती. ताईस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

पास केलं. सायलीनं पांढरे मोजे आणलेत, ते पहिल्याच दिवशी मुरमानं तांबडे होणार. तनुजा गुरुवारी येईल, शेजारची संस्कृतीही तिच्याबरोबर आहे. सत्यमला मात्र विचारू नको. मुलीवर लक्ष ठेव, आणि माझा जीव टांगणीला आहे हे विसरू नको.

लोभ चालू ठेवला आहे.

अभय


चितेगाव,
१४ मे २०२५

प्रिय पप्पा आणि मम्मी,
तनुजाचा जय भीम.

मी मजेत आहे. परवा बुद्ध पौर्णिमा होती. आम्ही लिंबाखाली मेणबत्त्या लावल्या आणि सरूबाई मावशीनं एवढी खीर केली की काळूलासुद्धा मिळाली. आम्ही सगळे मोज्यात पायजमा खोचून फिरतो, म्हणून कडूबा काका आम्हाला फौजदार म्हणतात.

संस्कृती माझी पाठराखीण आहे. मुलांना पाठराखीण म्हटलेलं आवडत नाही, ते स्वतःला पाठराख्या म्हणवतात. काल मला संस्कृतीच्या कानामागं तिळाएवढं काहीतरी दिसलं. तीळच आहे असं ती म्हणत होती, पण तिळाला पाय होते. आत्यानं चिमट्यानं हळूच सरळ ओढून काढली. संस्कृती रडली नाही, मीच थोडी रडले. तिला ताप वगैरे काही नाही. सत्यमदादाला सांगा की आता वासराच्या अंगावर एकही गोचीड नाही.

एक गंमत. आत्याला पाठराखीण नाही. मी तिला म्हटलं की तुझी मान मी बघते, तर ती म्हणाली की माझं कातडं जाड आहे, मला कोण चावतंय. मग ती गोठ्यात धार काढायला गेली.

तुमची लाडकी,
तनुजा


चितेगाव शिवार,
१७ मे २०२५

चि. अभयस,
जय भीम व आशीर्वाद.

मुलगी ठणठणीत आहे. आजवर दोघांच्या अंगावर गोचीड सापडली, दोन्ही वेळा मुलांनीच शोधली. तुझ्या सेफ्टीवाल्याला म्हणावं, येऊन बघून जा. संस्कृतीच्या आईनं फोन केला होता, पुढच्या वर्षी धाकट्यालाही पाठवते म्हणाली. मला किती बरं वाटलं ते कागदावर लिहिता यायचं नाही.

माझं म्हणशील तर दोन दिवस डोकं धरलंय आणि अंग मोडून आल्यासारखं वाटतं. ऊनच तसं आहे. काल कांदा खिशात घालून हिंडले, आज तापाची गोळी घेतली. तनुजा सारखी मागं लागते की पप्पांना फोन कर. तिला मी दटावलं, कारण फोनवर कळलं की तू तडक टेम्पो घेऊन येशील आणि सगळी मुलं भरून नेशील. थोडेच दिवस राहिलेत, ते नीट पार पडू देत.

लोभ आहेच, तो जपून वापर.

ताई


चितेगाव शिवार,
२२ मे २०२५

ती. ताईस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

वरचा पत्ता बघून दचकू नको. तुझ्याच बाजेवर बसून लिहितोय. तू दवाखान्यात, मी शेतात, आणि कडूबा उलट्या दिशेनं टपाल नेतोय. सायली तुझ्याजवळ आहे म्हणून मी निर्धास्त आहे. ताप उतरला आणि तू चहावरून कुरकुर केलीस, असं तिनं सकाळी कळवलं. म्हणजे सुधारणा आहे.

तुला त्या दिवसाचं नीट आठवत नसेल, म्हणून लिहितो. तू दुपारी उठेनास, तेव्हा तनुजानं डोकं चेपून देते म्हणून तुझा अंबाडा सोडला. खाली मानेवर गोचीड चिकटलेली होती, फुगून वाटाण्याएवढी. किती दिवसांची होती कोण जाणे. तिनं तू दाखवलंस तशीच चिमट्यानं काढली, बाटलीत घातली आणि तुझ्याच फोनवरून मला फोन केला. तू आत्ताच सांगू नको म्हणालीस, तरी केला. तुझं पत्र तेव्हा नुकतंच हाती पडलं होतं; मी तसाच आलो आणि तुम्हा दोघींना दवाखान्यात नेलं. दवाखान्यात तू डॉक्टरांना ऊन लागलं असं सांगत होतीस. पोरीनं बाटली टेबलावर ठेवली आणि तुझे तळहात उलटे करून त्यांना ठिपके दाखवले. गेल्या वर्षी जे उत्तर आपल्याजवळ नव्हतं ते या वेळी तिच्या हातात होतं. डॉक्टरांनी लगेच गोळ्या सुरू केल्या आणि वेळेत आलात म्हणाले. ताई, मी बाहेर येऊन पाण्याच्या टाकीमागं पोटभर रडलो.

टेम्पो आणला नाही. गल्लीतल्या सगळ्या आयांना खरं काय ते सांगितलं. संस्कृतीची आई बघायला म्हणून आली, संध्याकाळची तपासणी होईपर्यंत थांबली आणि मुलीला इथंच ठेवून गेली. मी शिबिर संपेपर्यंत रजा टाकली आहे. धार सरूबाई काढते. मोज्यात लुगडं खोचायचं कसं, असं तिनं मला विचारलं, त्याचं उत्तर तूच येऊन दे.

सत्यमही आला आहे. स्वतःहून आला. पहिला दिवस कुंपणापासून लांब बसून राहिला. काल संध्याकाळी पोरं जोडीनं बसली आणि मी इन्स्पेक्टरसारखा हात मागं बांधून हिंडत होतो. त्यानं मला विचारलं की तुमची पाठराखीण कोण? मी म्हटलं की प्लांटच्या ऑइलनं माझं कातडं तयार झालंय, मला कोण चावतंय. तनुजा म्हणाली की आत्यापण हेच म्हणाली होती.

मग मी मुकाट्यानं खाली बसलो आणि मान वाकवली. सत्यमनं माझ्या कानामागं, केसांत, मानेवर सावकाश बोटं फिरवली. त्याच्या बोटांत आता चांगला जोर आलाय, ताई.

लोभ असावा. तू घरी आलीस की रोज संध्याकाळी तुझी मान तपासली जाईल, हा शिबिराचा नियम समज.

तुझा,
अभय


छत्रपती संभाजीनगर,
२४ मे २०२५

चि. अभयस,
जय भीम व खूप आशीर्वाद.

सायलीनं तुझं पत्र वाचून दाखवलं आणि मग तिनं माझे केस विंचरले, मान बघितली, कानामागं बघितलं. यजमान गेल्यापासून माझ्या पाठीकडे कुणी बघितलं नव्हतं. मलाही ते कधी सुचलं नाही.

तनुजाला माझ्याकडून एक पापा दे. सत्यमला दोन. वासराला कुंपणाबाहेरूनच.

सायली आता पेन काढून घेतेय, म्हणून पुरे करते. उद्या पत्र पाठवू नको, फोन कर. भांडायचं असलं तरी कर.

तुझी ताई,
विशाखा