दोन्ही बाजूंचे कठडे

१७ नोव्हेंबर

प्रिय धाकटीस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. आमच्या शाळेतल्या सिस्टर सांगायच्या, पत्रात आधी समोरच्याची खुशाली विचारावी, मग आपली कळवावी आणि कामाचं सगळ्यात शेवटी. तू चार ओळी लिहिल्यास, त्या चारही कामाच्या. पण लिहिल्यास. तुझे गुडघे कसे आहेत? झोप लागते का? आम्ही आहोत.

ओट्याचं माप घेतलं तो दिवस आठवतो तुला? मिस्त्रींनी आपल्या दोघींना नुसत्या विटांच्या भिंतीसमोर उभं केलं आणि म्हणाले, भाजी चिरून दाखवा. हातात ना विळी ना सुरी. आपण दोघी जावा हवेतल्या हवेत कांदा चिरत होतो आणि तू खोटं खोटं डोळे पुसलेस. मला हसू आवरेना. माझ्या कोपराशी पेन्सिलीची एक खूण झाली, तुझ्या कोपराशी चार बोटं खाली दुसरी. मिस्त्री म्हणाले, आता ओट्यालाही दोन मजले करावे लागणार. आणि केले त्यांनी. तुझा अर्धा तुझ्या मापाचा, माझा अर्धा माझ्या.

तू विचारलंस, मुलगा जागा बघतोय, तर घर बांधावं की तयार घ्यावं. तुम्हाला अनुभव आहे, फायदे-तोटे कळवावेत. फायदा हाच. एरवी आयुष्यात कोण विचारतं, बाई गं, तुला किती उंचीवर सोयीचं पडेल? घर बांधताना एक परका माणूस कानावर पेन्सिल ठेवून ते विचारतो. सकाळचं ऊन हवं तिथे खिडकी घेता येते. कुठला नळ कुठल्या भिंतीतून जातो ते ठाऊक असतं, त्यामुळे खिळा ठोकताना धाकधूक नसते.

तोटे मात्र कुणी सांगत नाही. तयार घरात काही चुकलं तर बिल्डरच्या नावाने बोटं मोडता येतात. बांधलेल्या घरात बोटं मोडायला घरचीच माणसं असतात. आणि भांडण झालं की ते तोंडात राहत नाही, भिंतीत जातं. आपलं जिन्यात गेलं.

तुझ्या मुलाला हे ठाऊक नसेल, तेव्हा तो पाळण्यात होता. भाऊजी छापखान्यात रातपाळीला. घरी येईपर्यंत उजाडायचं. कडी वाजली की सगळं घर जागं व्हायचं. म्हणून ते म्हणत होते, वरच्या खोलीला बाहेरून जिना काढू, म्हणजे मला चोरपावलांनी जाता येईल. आमच्या ह्यांनी त्यातून भलतंच काढलं. बाहेरून जिना म्हणजे उद्या वेगळी चूल. नाही म्हणजे नाही. वर्ष पुरं व्हायच्या आत तुम्ही भाड्याच्या घरात गेलात आणि ह्यांना वाटलं, बघा, मी म्हणत नव्हतो? दोघेही एकाच आईचे. वाकले असते तर मोडले असते.

पुढचं तुला ठाऊक नाही. ह्यांनी सांगू नकोस म्हणून बजावलंय, तरी लिहिते आहे.

गेल्या हिवाळ्यात भाऊजींना झटका आला, उजवी बाजू गेली, असा तुझ्या मुलाचा फोन आला. हे दवाखान्यात जाऊन आले. भाऊजी झोपले होते आणि तू औषधं आणायला खाली गेली होतीस, म्हणून तुला कळलं नाही. घरी आले, चहा घेतला नाही, टेप घेऊन मागच्या अंगणात गेले आणि बाहेरची भिंत मोजायला लागले.

बाहेरून जिना. ह्या वयात. मिस्त्रींचा मुलगा आता मिस्त्री झालाय, त्याला बोलावलं. भाऊजींचा पाय उचलत नाही म्हणून पायऱ्या बुटक्या हव्यात. केल्या. स्वतः उजवा पाय ओढत चढून बघितलं, तरी उंच वाटल्या. फोडल्या, पुन्हा केल्या. डाव्या हातात जोर आहे म्हणून चढताना डावीकडे कठडा. तो बसवून झाल्यावर लक्षात आलं की उतरताना तोच कठडा उजवीकडे येणार. मग भिंतीच्या बाजूनेही कठडा. वेल्डर आज येतो, उद्या येतो. मध्यावर दम खायला बसायची जागा. वरच्या न्हाणीघराचं दार रुंद केलं.

मी म्हणत होते, आधी त्यांना घेऊन या. खालच्या खोलीत राहतील, काम चालू राहू दे. जिन्याचं निदान कळवा तरी. हे म्हणाले, "एकदा अर्धवट घरात ठेवला होता त्याला. पुन्हा नाही." पूर्ण झालं की स्वतः रिक्षा करून आणायला जाणार होते. तुझ्याशी काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. आरशासमोर पुटपुटताना मी ऐकलंय.

जूनमध्ये तो फोन आला तेव्हा हे कठड्याला रंगाचा शेवटचा हात देत होते. तसेच निघालो.

धाकटे, मला पुढचं लिहायला जड जातंय. तुझ्या दारात हे उभे होते आणि हातांना कोपरापर्यंत तांबडा रंग होता. तू बघितलंस. मी तुझ्याजवळ बसायला आले तर तू उठून आत गेलीस, आणि आतून मला ऐकू आलं: "भाऊ मरत होता आणि ह्यांची घराची रंगरंगोटी संपत नव्हती." ह्यांनाही ऐकू आलं.

येताना मी म्हटलं, परत चला, सांगू या तिला. तर म्हणाले, "काय सांगायचं? ती खोटं कुठे बोलली?"

तेव्हापासून जेवण दोन घासांचं. मागच्या अंगणात जात नाहीत. डॉक्टर म्हणतात हृदय थकलंय. बोलावं लागतं म्हणून बोलतात.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. बांधणाऱ्या माणसाला एक खोड लागते. पूर्ण झालं की बोलावू, रंग झाला की राहायला जाऊ, पडदे लागले की माणसांत मिसळू. घर कधीच पूर्ण होत नाही गं. तुझ्या मुलाला ही खोड लागणार नसेल तर बांधू दे खुशाल. त्याच्या बापाच्या आणि काकाच्या रक्तात ती आहे, एवढं लक्षात ठेव.

वकील घरी येऊन गेले. कागद झालेत, तुझ्या कानावर घालते. खालचा मजला आमच्या लेकीला, तिने आनंदाने हो म्हटलंय. वरचा तुझ्या मुलाला. त्याला विकायचा असेल तर विकू दे, आमचा आग्रह नाही. वरच्या खोलीतला पलंग आणि गादी कोरी आहे, ती तुला. उरलेल्या फरशा नव्या मिस्त्रीला, त्याच्या बहिणीचं घर बांधायचं चाललंय. माझ्या शिवणयंत्राला तुझी सून हात लावत असेल तर तिला, नाहीतर शेजारणीला.

आणि ह्यांना एक हवंय. मागणार नाहीत, म्हणून मी मागते. तुझ्या हातची एक ओळ. क्षमेची नको, तेवढं मी मागत नाही. शिव्या लिही, तू लिहिलंयस एवढं त्यांना दिसू दे. लवकर धाड.

वाट पाहणारी, अजूनही तुझी,

थोरली