भुरीनं ओळखलं

१७ जानेवारी १९५७
काल बोरीहून परभणीत आले. काम झक्कास हाय. दिनकरराव डॉक्टरांची तपासणीची खोली, मागं मेंढवाडा. मेंढरं मला कोणी शिकवायला नको, त्यातच वाढले. झाडलोटीला केवळाबाई हाय. म्हणली, दगडाबाय, मेंढरापेक्षा तुमीच जास्त ओरडताव. मी म्हणलं, तोंड आवर, झाडू मार. बाई चांगली हाय. साक्षरतेच्या वर्गात जांभळी पेन्सिल भेटली होती, तिनं लिहायले. मेली जिभेला लावल्याबिगर उमटत न्हाई.

२१ जानेवारी
डॉक्टरांनी थुंकी मागितली. आधी रागच आला. मग त्यांनी समजावलं. भाकर चावली की गोड लागती, कारण थुंकीत पिठाची साखर करणारा रस असतो. तो काढून भुरी मेंढीला टोचायचा. तिचं रक्त त्याला दुश्मन समजून ओळखायला लागतं. मग त्या रक्ताचं निवळ पाणी जिथं टाकावं, तिथं माणसाची थुंकी असली की पांढरं धरतं. वाटी भरेस्तोवर माझा घसा वाळला. केवळा हसून हसून खाली बसली.

१० मार्च
भुरीचं रक्त काढलं. मान मी धरली, दुसऱ्या कोणाच्या हाताला ती थांबत न्हाई. त्याचं निवळ पाणी माझ्या थुंकीत टाकलं, तसं काचेच्या नळीत ढगावानी पांढरं आलं. डॉक्टर लय खूश.

१९ मार्च
लिहायची लाज वाटायली. कपाटात तपासणीच्या साखरेची बरणी हाय. येता-जाता चमचा तोंडात घालते, चाटून तोच परत बरणीत. इतकी पांढरी साखर जल्मात बघितली न्हवती. एवढी घोडी झाले अन् मांजरावानी चोरून खाते.

२२ मार्च
साखर कमी दिसली. डॉक्टरांनी चिमूटभर विरघळवून त्यात भुरीचं पाणी टाकलं. पांढरं धरलं. कोणीतरी तोंड लावलंय, म्हणले. कोणी, ते नळी सांगत न्हाई. पण कपाट पुसती केवळा. तिला काढून टाकलं. तिचा नवरा आंथरुणाला खिळलेला, ती सडकेची खडी फोडायला गेली. जाताना म्हणली, दगडाबाय, तुमाला तरी ठावं हाय का न्हाई, मी असली न्हाई. मी मान हलवली. नुस्ती मान.

२५ मार्च
भुरी माझ्या हातचा चारा खाईना. माझ्या तोंडाकडंच बघती. आता सगळीच मेंढरं बघायलीत. तांब्याला तोंड लावून पाणी प्याले, उरलेलं पांढरं झालं.

२७ मार्च
भाकर चावून चावून गोड लागंना. माती. थुंकले तर दह्यावानी घट्ट.
डॉक्टरांपुढं गेले, सांगायलाच. तोंड उघडलं, त्यात पांढरं दाटलं— शब्द फुटंना. ते म्हणले, बाई, पडा जरा.

२८ मार्च
जीभ उचलंना. भुरी दारात. मेंढवाड्याचं फाटक मी बांधलं होतं—

बोलता येत न्हाई तर लिहिते. डॉक्टरांच्या टेबलावर ठेवीन. केवळाला परत बोलवा. तिचा गुन्हा न्हाई. साखर खाल्ली ती—

पेन्सिल पांढरी उमटायली. जिभेला लावली की पांढरी. कोरडी उमटत न्हाई. भुरी आत आली. पुन्यांदा लिहिते. केवळानं न्हाई, साखर