डब्ब्याच्या बुडाची तारीख

८ फेब्रुवारी, रविवार

काय वो वहीबाई, विसरली ना मले? परवाच सांगतलं मी कोन हाय, अन् आज पान उलटवलं तं पुन्हा कोरी होऊन बसली! वयानं मी पंच्याहत्तरची, अन् विसरभोळी तू. घे, पुन्हा आयक. मी आनंदाबाई, नालवाडीची. अक्षर येत नाई. मी बोलते, सून सुलोचना लिहते. सेवाग्रामच्या डॉक्टरीणबाईनं सांगतलं — शुगर हाय, रोज काय खाल्लं ते लिहून ठेवा. तं लिही. सकाळी अर्धी भाकर, मेथी. दुपारी एक भाकर, वरन. चोरून गुळाचा खडा — हे नको लिहू. लिहलं काय? लिहलंच!

नात वर्षाली कामावरून आली. हायवेवर एक गोदाम हाय, तिथं लोकाच्या मालावर तारखा छापून देतेत. तीन महिने झाले तिले. हाताले वास येते, पेंटरच्या हाताले येते तसा.

"कायचा वं वास?"

"थिनर, आजी. मशीनचं तोंड पुसा लागते."

बरं. पन मशीनचं तोंड पुसाले कोपरापर्यंत हात भरते काय?

१० फेब्रुवारी, मंगळवार

दीड भाकर, वांगं. वर्षाली जेवलीच नाई. ह्या वयात पोट्टी उपाशी उठली तं मी पयले पाह्यते, आरशापुढं किती येळ राह्यते; कोनावर जीव जडला काय ते समजते. ही तं आरशापुढून मान खाली घालून जाते. म्हंजे भानगड दुसरी हाय.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज तिले मुद्दाम बोलतं केलं. म्हनलं, शिकव वं मले तुह्यी मशीन. पोट्टी खुलली.

"आता साचा-गिचा नाई, आजी. पट्ट्यावरून डब्बा पळत राह्यते अन् मशीन त्याच्यावर शाई उडवते, थेंब थेंब. पाइपावर तशीच, अंड्यावरही. गोळ्याच्या पाकिटाले दाबून आकडे उठवते. गाडीच्या इंजनवर सुई ठोकून ठिपके. अन् स्टीलवर लेझर. उजेडानं जाळते."

उजेडानं लोखंड जळते म्हने! असन बाप्पा. आमच्या गाईच्या कानात पिवळा बिल्ला ठोकला, बारा आकड्याचा. हंबरली की मी आंधारातही वळखते तिले, पन सरकारले बिल्ला पाह्यजे. माह्या लग्नातल्या पान्याच्या पितळी गुंडावर भांडेवाल्यानं घर्रर्र करून नाव टोचलं होतं. कोनाचं टोचलं, मले काय माहीत? पन गुंड मीच वापरला.

हसू नको, वहीबाई. हिंगणघाटच्या जिनात वीस वर्षं कापसाच्या गठानीवर मार्का मारनारी मीच होती. पत्र्याचा साचा ठेवाचा, काजळीचा बोळा फिरवाचा. वाचता नव्हतं येत, पन आकार डोळ्यात बसले. अन् एक गोष्ट समजली — पुसलेला मार्का पुरा जात नाई. छाया राह्यते.

"तुह्यी शाई पुसली तं जाते काय वं?" मी सहज इचारलं.

वर्षाली उठूनच गेली. एवढं उठाले काय झालं?

१५ फेब्रुवारी, रविवार

आज खान्याचं मंग सांगते. आंधी हे लिही.

वर्षालीनं दुधाच्या भुकटीचा डब्बा आनला. "कोर चेपली म्हनून देल्ला," म्हने. कपाटात नाई ठेवला, माह्या पुढ्यात ठेवला, अन् माह्याकडं न पाह्यता आंग धुवाले गेली. तेवढ्यात शेजारची चंचल आली, कडेवर तिचा चार महिन्याचा पोट्टा, प्रेम. तिले दूध पुरत नाई, हे साऱ्या गल्लीले माहीत.

"आजी, हा मले द्या ना वो!" तिनं हात पुढं केला.

मी डब्बा उलटा केला. मांगच्या दारातून ऊन तिरपं येत होतं. बुडावर काळ्या ठिपक्याची ओळ. शेवटचा आकडा विळ्यासारखा. अन् विळ्याच्या मांगं, पुसट पुसट, पोटुशी बाई उभी!

"मुंग्या लागल्या याले," मी म्हनलं.

"सीलबंद डब्ब्याले?"

"आजकालच्या मुंग्या हायेत वं, शिकलेल्या."

चंचल हसली नाई. "नाई द्याचा तं नाई म्हना, आजी." अन् गेली. लेकरू रडतच होतं.

सुलोचनाले वाचाले देल्लं. विळा म्हंजे सात — दोन हजार सत्तावीस. मांगची बाई म्हंजे पाच. पंचवीस सालीच मालाची मुदत संपली होती. हे पाहा, इथं अक्षर वाकडं आलं. हात माह्या सुनेचा हाय, लेक तिची हाय.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सुलोचना म्हनते, "आई, माह्या लेकीचं हे असं नाई लिहत मी." पेन ठेवून सैपाकघरात गेली. मंग भाजी टाकून परत आली. एक भाकर. दुसरी उतरली नाई.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

नातीले चोर म्हनाच्या आंधी माह्यी चोरी लिही, सुलोचना.

जिनात एकदा गठानी ओल्या होत्या. वजनासाठी पानी मारलं होतं. म्हनलं, मुकादम, चांगल्या मालाचा मार्का कसा मारू? बंडूजी मुकादम म्हने, "तुले वाचता येते काय? मंग साचा ठेव अन् फास." फासला. बोंब झाली तवा मुकादमानं नाव घेतलं जंगू हमालाचं, त्यानं पानी सांडलं म्हने. त्याचं काम गेलं. मले इचारलं तं मी म्हनलं, "मी अडानी, मले काय समजते?" चाळीस वर्षं झाली. लय कामाचं वाक्य हाय ते. जिथं तिथं वापरलं.

मंग वर्षालीले समोर बसवलं.

"हे तू पुसलं?"

"हो."

"अशे किती?"

"माहीत नाई आजी. गोदामाचा साहेब म्हने, तू बटन दाब, वाचत नको जाऊ."

बंडूजी मेला म्हने! कोन म्हनते मेला?

१८ फेब्रुवारी, बुधवार

वर्षाली सकाळीच डब्बा पिशवीत घालून निंघून गेली. फोन बंद. डब्बा नाल्यात फेकाले गेली असन — दुसरं काई मनात येत नाई.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आजचं अक्षर चंचलचं हाय. मुंग्याचं खरं सांगतलं तिले, तवा बसली लिहाले.

पोट्टीनं डब्बा फेकला नाई, वर्ध्याच्या अन्न-औषधाच्या सरकारी हापिसात नेऊन देल्ला. काल तिथले साहेब लोक घरी आले, मले इचारलं. जिभेवर तेच जुनं वाक्य आलं होतं. गिळलं. म्हनलं, विळ्याच्या मांगं पोटुशी बाई, माह्या डोळ्यानं पाह्यली, लिहा. अंगठा देल्ला.

साहेब गेल्यावर वर्षाली कानाशी येऊन म्हने, "बाकीचे साफ पुसले, आजी. हा एकच मुद्दाम कच्चा पुसला, अन् तुह्यापुढं ठेवला. मले सांगाची हिंमत नव्हती."

तिचंही नाव लागन कागदात. लागो. सकाळपासून दोघी मायलेकी गोदामात पंचनाम्यापाशी बसून हायेत, उपाशी. चंचल, वही मिट. चार भाकरी थाप, जवसाची चटनी, कांदा — अन् माह्या लपवलेल्या गुळातला मोठा खडा. प्रेमच्या बापाजवळ धाडजो. गरम हाय तवाच बांध.