एकमेकांना खोडणारी मतं

वायोमिंग, २३ ऑक्टोबर १८९२

प्रिय हल्डाताई हिस,
सा. न. वि. वि.

मेंढ्या डोंगरावरून उतरल्या, बटाटे तळघरात गेले. काळजी एकच. वायोमिंगला राज्याचा दर्जा मिळाल्यापासून राष्ट्राध्यक्षाची ही पहिली निवडणूक, आणि इथे बायकांनाही मत आहे. पण यांचा पक्ष एक, माझा दुसरा. हे म्हणाले, तुझं मत माझं मत खोडणार, मग अकरा मैल गाडी कशाला हाकायची? दोघंही घरीच बसू. इथे बरेच जण असं ठरवतात, म्हणून मीही टाळी देऊन बसले. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

तुझ्या मायेची भुकेली,
लेटी


ओहायो, २९ ऑक्टोबर

चि. लेटीस,
आशीर्वाद सध्या राखून ठेवले आहेत.

वेडे, हो म्हणताना जीभ कशी झडली नाही तुझी? मी इथे निवडणुकीच्या दिवशी केक भाजते आणि तुझे भावोजी तो खाऊन मत देऊन येतात. तुझ्या जागी मी असते तर अकरा मैल चालत गेले असते. शब्द मोडायचाच तर तुझ्या ओरिनला तोंडावर सांगून मोड, चोरून जाऊ नकोस.

मत देऊन आलीस तरच तुझी,
ताई


वायोमिंग, ९ नोव्हेंबर

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं आणि माझा शब्द परत घेतला. वाटलं, आता महाभांडण होणार. पण काल सकाळी यांनीच गाडी जुंपली आणि बर्फातून मला मतदानाच्या शाळेपर्यंत नेलं. स्वतः मात्र आत येईनात. म्हणाले, शब्द तू मोडलास, मी नाही. मी मत दिलं. बाहेर येऊन पाहते तर आपलं पांघरूण घोड्यांवर घालून हे कुडकुडत उभे. मला राहवेना. लगाम हिसकावून घेतला आणि यांना आत पिटाळलं. म्हणाले, तुझं मत खोडलं जाईल. म्हटलं, जाऊ दे. परत येताना दोघंही वाटभर हसत होतो.

आता तरी आशीर्वाद दे.
लेटी


ओहायो, २० नोव्हेंबर

चि. लेटीस,
राखून ठेवलेले सगळे आशीर्वाद.

तुझं पत्र मोठ्याने वाचलं. तुझे भावोजी पोट धरधरून हसले. म्हणाले, बावीस मैल घोडी दमवून हाती काय आलं? मी म्हटलं, आपल्या घरातून एकच मत जातं, आणि ते खोडायला कुणी नाही. त्यांचं हसू तिथेच थांबलं. लेटी, मला खोडण्यापुरतं तरी एक मत हवं होतं गं.

दोघांवर माझा लोभ आहेच. चार वर्षांनी पुन्हा असेच जाऊन एकमेकांना खोडून या.

तुझी ताई