न तपासलेल्या बोटी

मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५
छावणी

प्रिय इतवारीदादा,

तुला आणि बायावहिनीला नमस्कार, रंजूला आशीर्वाद. मी बरा आहे. इथं थंडी पडायला लागली आहे. तलावाचं पाणी उतरलं असेल, आता झिंगे भरपूर निघत असतील. इथं मिळते ती बर्फातली मासळी. वहिनीच्या हातच्या कालवणाची आठवण काढत गिळतो झालं.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण फोनवर तू 'हाव, बरा हावो' म्हणतोस आणि मी लगेच हवापाण्यावर घसरतो. तीन महिने आपलं हेच चाललं आहे. रंजू, हे तू बाबांना वाचून दाखवशील म्हणून नीट अक्षरात लिहितोय. मधेच थांबू नकोस. काका कितीही वाईट वाटला तरी शेवटपर्यंत वाच.

दादा, तू नेहमी मला चिडवायचास, "तू फौजेत करतो काय रे? बंदूक त कधी दिसत नाही तुह्या हातात." मी हसून टाळायचो. आज सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

फौजेत शेकडो भांडारं आहेत आणि प्रत्येकाचं रजिस्टर वेगळं. त्याच इंजिनाला इथं एक नंबर, तिथं दुसरा. कुणी नग मोजतो, कुणी पेट्या. पूर आला की जवळ काय आहे हे शोधायला दहा फोन करावे लागायचे. म्हणून दोन वर्षांपूर्वी ठरलं की सगळ्यांच्या नोंदी एकाच नमुन्यात, एकाच यादीत आणायच्या. आणि यादीतल्या प्रत्येक रकान्याला एक मालक नेमायचा. त्या रकान्यात चूक निघाली तर जबाब त्यानं द्यायचा. आमच्या विभागातल्या बोटी, इंजिनं, तंबू, या सगळ्यांपुढचा 'स्थिती' नावाचा रकाना माझा. वस्तू चालते की नाही, ते त्यात लिहायचं.

मला हे काम मनापासून आवडलं होतं. एप्रिलमध्ये प्रशस्तिपत्र मिळालं. त्याचा फोटो तू चौकटीत लावून घेतलास, आल्यागेल्याला दाखवलास. तो आता काढून टाक.

आमच्या भांडारात चंद्रकांताबाई म्हणून नागपूरच्या एक बाई आहेत. तीस वर्षं नोकरी झाली त्यांची. जुन्या रजिस्टरमध्ये त्यांची एक पद्धत होती. जी वस्तू स्वतः चालवून पाहिली नाही, तिच्यापुढचा रकाना त्या कोरा ठेवायच्या. ज्याला ती वस्तू हवी तो येऊन विचारायचा, मग त्या तपासून द्यायच्या. नवी यादी मात्र कोरा रकाना घेतच नव्हती. मार्चअखेरची मुदत, आणि माझ्यापुढे सहाशेचाळीस ओळी कोऱ्या. तपासायला दोन महिने लागले असते. मी त्या सगळ्या ओळी निवडल्या आणि एकदम भरून टाकलं, 'वापरण्यायोग्य'.

बाईंनी मला अडवलं होतं. "साहेब, कोरा हाये म्हणजे पाह्यलंच नाही. त्यात असं भरू नका नं." मी म्हटलं, नंतर दुरुस्त करू. 'तपासणी बाकी' असाही एक पर्याय यादीत होता, दादा. पण तो निवडला की तक्त्यात ती ओळ लाल दिसायची, आणि वरच्या साहेबांना सगळं हिरवं बघायचं होतं. साहेबांचं नाव उगाच घेतोय. मला बघायचं होतं.

नंतर दुरुस्त करायला मी कधी बसलो नाही.

आता ऑगस्टातली ती सकाळ. तुला सांगायची गरज नाही, पण मला लिहायची आहे. नऊ वाजता तुझा फोन आला. नदीचं पाणी नाल्यातून उलटं चढलं होतं आणि नाल्यापलीकडे कुंताबाई घराच्या छपरावर एकटी होती. तिचा मुलगा गोलू साकोलीला कामावर. तू म्हणालास, "डोंगा टाकतो मी." पुरात ज्याची होडी जवळ तो कुणाला न विचारता निघतो, ही आपल्या मासे धरणाऱ्या ढिवरांची रीत. तूही विचारायला फोन केला नव्हतास, फक्त सांगायला केला होतास. तुला थांबवलं ते मी.

"दादा, डोंगा टाकू नको. पाणी बहुत हाये. आमच्या तीन बोटी निघून राहिल्या, इंजिनवाल्या. दोन घंट्यात येतेत."

"पक्कं?"

"पक्कं. माह्यासमोर लिवून हाये."

तुझ्या जिवाची काळजी होती, हे खोटं नाही. पण तेवढंच नव्हतं. मला माझी यादी खरी ठरताना बघायची होती. आपल्याच गावात, सगळ्यांदेखत, 'इतवारीच्या भावानं बोटी पाठवल्या' असं ऐकायचं होतं. हे लिहिताना मला माझीच किळस येते.

बोटी आल्या. दोन इंजिनं सुरूच झाली नाहीत, तिसरं मधल्या धारेत बंद पडलं. जवानांनी वल्ही मारत पलीकडे पोचेपर्यंत दीड वाजला. कुंताबाईचं घर साडेअकराला बसलं होतं. ती तिन्ही इंजिनं त्या सहाशेचाळीस ओळींतली. त्याच दुपारी मी यादी उघडून नंबर जुळवून पाहिले, आणि तुला फोन करून काय बोललो आठवतं? 'वहिनी कशी आहे?'

गोलू गावभर म्हणतो, "डोंगा दारात बांधून हा मानूस पाहून राहिला होता." तुझ्या डोंग्यात कुणी बसत नाही हे मला कळलं आहे. आणि परवा फोनवर रंजू रडत म्हणाली, "काका, बाबा साऱ्याले सांगतेत का मले भेव लागला."

तुला भेव लागला? लहानपणी भोवऱ्यातून मला केसाला धरून ओढून काढलंस, तेव्हा तू तेरा वर्षांचा होतास. दादा, तू माझं नाव एकदाही घेतलं नाहीस. मी वाट बघत होतो की तू घेशील. घेतलं असतंस तर मला सांगावं लागलं नसतं. इतका भेकड मी झालो आहे. आणि तू माझा भेकडपणा स्वतःच्या नावावर घेऊन गावात फिरतोस.

इथली चौकशी 'इंजिनं जुनी होती' यावर मिटत आली होती. माझ्यापर्यंत कुणी पोचलं नव्हतं. काल मी कर्नलसाहेबांना स्वतः लिहून दिलं, ओळींच्या आकड्यासकट. हुद्दा जाईल, कदाचित नोकरीही. नक्कल चंद्रकांताबाईंना दाखवली. मला वाटलं, बाई आता बोलतील, की मी सांगितलं होतं. त्यांनी वाचून कागद परत दिला आणि एवढंच विचारलं, "गावाले सांगितलं का?"

नव्हतं सांगितलं. म्हणून हे पत्र.

येत्या रविवारी मच्छीमार संस्थेची सभा आहे आणि तुझं नाव कमी करायचा गोलूचा अर्ज आहे, हेही रंजूनंच सांगितलं. मी येतोय. शनिवारी वरठीला उतरेन, तिथून मोहाडीच्या गाडीनं. सभेत तू गप्प बस, बोलायचं मी आहे. गोलू अंगावर धावून आला तर मधे पडू नकोस. त्याची आई गेली आहे, आणि त्यानं तीन महिने चुकीच्या माणसाला शिव्या दिल्या आहेत. त्याला बरोबर माणूस भेटू दे.

आता रंजूसाठी. बेटा, तुझ्या काकानं पुरानंतर दोनदा रजा मंजूर होऊनही गावाला यायचं टाळलं आहे. बाबांना सांगितलं, रजा मिळाली नाही. तेव्हा माझ्यावर विसंबू नकोस. रविवारी सभा सुरू झाली आणि मी तिथं दिसलो नाही, तर उभी राहा आणि हे पत्र पहिल्या ओळीपासून सगळ्यांना वाचून दाखव. बाबा 'नोको' म्हणतील. त्यांचं ऐकू नकोस. गोलूकाकाच्या हातात दे, त्याला ठेवून घेऊ दे.

दादा, माफ कर असं लिहिणार होतो, पण ते मागायचं आधी गोलूकडे, मग तुझ्याकडे.

ज्याच्या शब्दावर तू डोंगा सोडला नाहीस,
तो राजकुमार