येतानाची जीप

बाबा, तुमची जीप घ्यायला परवा एक माणूस येऊन गेला. मुलचेऱ्याकडचा बंगाली, तळ्यातली मासळी चंद्रपूरच्या बाजारात नेतो. तुम्ही गेलात तेव्हा जिल्हा एकच होता, आता गडचिरोली वेगळा झाला. एवढ्या वर्षांत मला तुम्हाला कधी काही लिहावंसं वाटलं नाही, आणि आज वाटतंय ते या खटाऱ्यापायी. हे कागद कुठल्या पेटीत टाकायचे नाहीत हे मलाही कळतं. पण गाडी ठेवावी की विकावी हे विचारायला घरात आता मोठं कुणी उरलेलं नाही.

गाडीची तब्येत पार हाताबाहेर गेली आहे. सेल्फ कधीचा मेला, हॅण्डल मारून सुरू करावी लागते. दुसरा गिअर सुटतो म्हणून एक हात त्याच्यावर दाबून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने स्टिअरिंग सांभाळायचं. पेट्रोलची टाकी पाझरते, तिथे साबण चोळून काम भागवतो. मूल गावचा मिस्त्री बॉनेट उघडण्याआधीच कपाळाला हात लावतो. तुमची सून म्हणते, "शाळेचा पगार तुमचा नाई, त्या जीपचा हाये." तिचं काही चुकत नाही. जिवंत माणूस त्या गाडीत आता बसतच नाही, मग ती कमावणार काय?

तुमच्या वेळी असं नव्हतं. भद्रावतीच्या फॅक्टरीतली ड्रायव्हरकी सोडून तुम्ही लिलावातली ही जीप घेऊन गावी आलात, तेव्हा मार्कंड्याच्या जत्रेला लोक मडगार्डवर बसून जायचे. मग गावातला एक सुतार चंद्रपूरच्या दवाखान्यात वारला. बसमध्ये मयत घेत नव्हते, ट्रकवाले तयार होईनात. मला अजून दिसतं, तुम्ही पाना घेऊन मागचं एक बाक खोलता आहात, त्या जागी चटई अंथरता आहात. "मयताले वाकवू नये, सरळ झोपवावं," म्हणालात. दुसऱ्या दिवशी वैनगंगेवर गाडी धुताना मी नाकाला रुमाल धरला, तर तुम्ही हातातली बादली खाली ठेवलीत. "नाक काऊन झाकतं? मागच्या बाजारी याच माणसासंग चहा पेला न तू? आपण दीक्षा घेतली ते कशाले? भूतखेत सोडलं न आपण?" आवाज चढवला नाहीत, म्हणून जास्त लागलं. तेव्हापासून आसपासच्या गावांतलं कुणी दवाखान्यात दगावलं की घरचे आपल्याच दारी येऊ लागले, आणि तुम्ही कुणाला नाही म्हणाला नाहीत. शेवटी तुम्हालाही मी त्याच गाडीत, सरळ झोपवून आणलं.

बाबा, तुमच्या चांगुलपणाचंच पुढे हे झालं. ज्या गाडीतून गावाने इतकी प्रेतं उतरताना पाहिली, तिच्यात दुखणाईत माणूस चढेना. "त्या जीपमधी बसला तो आपल्या पायानं उतरत नाई," असं पोरंसोरंही बोलू लागली. आपल्या वस्तीतली, विहारात नेमाने येणारी माणसंही त्यात होती. मी वर्गात भुताखेतांची खिल्ली उडवायचो, आणि घरी आलो की गोठ्याशेजारी उभ्या त्या गाडीकडे बघत बसायचो.

माय कशी गेली ते तुम्हाला सांगायचं आहे. भर दुपारी तिच्या पोटात कळा येऊ लागल्या. मी हॅण्डल मारलं आणि नवल म्हणजे गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली. माय उंबऱ्यात बसून राहिली. "मले त्याच्यात नोको बसवू. तुह्या बाबाले त्याच्यातच आणलं." मी म्हटलं, "माय, तू रोज वंदना म्हणतं न? मंग हे काऊन मानतं?" ती म्हणाली, "म्हणतो न. तरी नोको." इंजिन तसंच चालू ठेवून मी विनवत राहिलो. शेवटी ती लहान पोरीसारखी रडायला लागली तेव्हा मी गाडी बंद केली आणि बसची वाट पाहिली. मूलच्या स्टँडवर उतरून पुढची बस धरायची होती. तिथल्याच बाकावर, माझ्या मांडीवर, तिची मान कलली. कंडक्टर भला माणूस होता, हात जोडून म्हणाला, "गुरुजी, आता बसमधी नाई घेता येत." मग गावाला निरोप धाडून तीच जीप मागवली. त्या दिवशी मला तुमचा इतका राग आला होता की गाडीला काडी लावावी असं वाटलं.

म्हणून मासळीवाला आला तेव्हा मी सुटलो असंच वाटलं. फसवाफसवी नको म्हणून त्याला सगळं सांगितलं. तो हसला. "सर, मछली को क्या मालूम, पहले कौन सोया था." सौदा ठरला. सोमवारी येऊन नेतो म्हणाला.

आणि काल सकाळी पलीकडच्या गावचा एक म्हातारा धानाची कापणी टाकून आला. "गुरुजी, जीप इकून राह्यले म्हणते?" मी हो म्हणालो. "माही बुढी लय बिमार हाये. उद्या चांद्याच्या दवाखान्यात नेतो." मी म्हटलं, उद्या कशाला, आत्ता काढतो गाडी. तो दोन पावलं मागे सरकला. "नाई नाई, जातानी बसनंच नेतो. पर येतानी..." त्याने गोठ्याशेजारच्या जीपकडे बोट केलं. म्हणाला, "येतानी लागन त असू द्या. इतक्यात नोका इकू." मी त्याला खूप बोललो. आज नेली तर वाचेल, अशा अर्थाचं सगळं बोललो. तो मान हलवत ऐकत राहिला आणि शेवटी पुन्हा तेच विचारलं, "इकनार त नाई न?" मी म्हणालो, नाही विकत. मासळीवाल्याला निरोप धाडला. तुमची सून कालपासून माझ्याशी बोलत नाही.

तुम्ही असता तर पाठीवर थाप मारली असती, पोरगं आपल्या वळणावर गेलं म्हणाला असता. म्हणून एक गोष्ट लिहून टाकतो, समोर असता तर कधीच सांगितली नसती. या पावसाळ्यात तुमची नात तापाने फणफणली, डोळे फिरवायला लागली. जीप मिस्त्रीकडून नुकतीच आली होती, त्या दिवसांत हॅण्डलच्या एका झटक्यात सुरू व्हायची. तुमची सून म्हणाली, "काढा न जीप." मी गोठ्यापर्यंत गेलो आणि परत येऊन सांगितलं की सुरू होत नाही. हॅण्डलला मी हातसुद्धा लावला नव्हता. पोरीला खांद्यावर टाकलं आणि बसच्या थांब्यावर जाऊन उभा राहिलो. ती वाचली, बाबा. आणि बसने नेली म्हणूनच वाचली, असं मला अजून वाटतं.